धबधबा पाहून आल्यावरचा ताप

गेल्या श्रावणातली गोष्ट. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवसांत नाशकात कोणत्याही डॉक्टरकडे जा, बाकावर निम्मी मंडळी तापाचीच असतात. डेंग्यूचे दिवस ते. त्याच गर्दीत आमचे एक जुने रुग्ण आले. वय ६४, बँकेतून निवृत्त, रक्तदाबाची गोळी नियमित घेणारे. तीन दिवसांपासून थंडी वाजून ताप, अंग मोडून आलेले, डोके ठणकत होते. येतानाच रक्ताचा अहवाल घेऊन आले होते. प्लेटलेट कमी होत्या, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. मी मनाशी म्हटले, व्हायरल दिसतोय, परवा पुन्हा रक्त तपासू. चिठ्ठी लिहायला घेतली तोच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टर, त्या आफ्रिकेच्या गोळ्या यांनी घरी आल्याबरोबर बंद केल्या. चालतं ना?”

माझा हात थांबला. आफ्रिका? हे कधी झाले?

बारा दिवसांपूर्वीच दोघे झिम्बाब्वेतला व्हिक्टोरिया धबधबा पाहून परतले होते. मुलाने चाळिसाव्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ही सहल दिली होती. मुंबईचा भाचा डॉक्टर, त्याने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या होत्या आणि परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायला बजावले होते. बाईंनी चालू ठेवल्या. साहेबांनी घरचे दार उघडले आणि गोळ्यांचे पाकीट कपाटात टाकले. “घरी आलो, आता कसले आफ्रिकेचे डास?” असे त्यांचे म्हणणे. त्याच संध्याकाळी रक्ताची पट्टी तपासली. फाल्सिपेरम जातीचा हिवताप निघाला. लगेच रुग्णालयात ठेवले, शिरेतून औषध सुरू झाले, पाचव्या दिवशी घरी आले. सुखरूप आले. पण मी त्यांना “कुठे बाहेरगावी गेला होतात का” हा साधा प्रश्न विचारला नव्हता, हे मला येथे कबूल केले पाहिजे. बाई बोलल्या नसत्या तर त्यांना पॅरासिटामॉल देऊन मी घरी पाठवले असते. फाल्सिपेरम असे दोन-तीन दिवस थांबत नाही. तो मेंदूत जातो, मूत्रपिंडे बंद पाडतो.

परदेशी सहली आता आपल्याकडे नवलाईच्या राहिल्या नाहीत. सिंगापूर, युरोप झाले की पुढे आफ्रिका येते आणि आफ्रिका म्हटले की हा धबधबा. त्याला जरूर जावे. पण आपली सहलीची आखणी म्हणजे काय असते? नाशिकचा चिवडा किती किलो, लोणच्याची बाटली कशात गुंडाळायची, कॅमेरा, टोपी, आणि डॉलर कुठे बदलून घ्यायचे. डॉक्टरकडे माणूस येतो तो निघायच्या आदल्या दिवशी, “महिन्याच्या बीपीच्या गोळ्या लिहून द्या” म्हणून. माझे स्पष्ट मत आहे की अशा सहलीचे पैसे भरण्याआधी, निदान सहा आठवडे आधी, कार्यक्रमाचा कागद फॅमिली डॉक्टरला दाखवावा. आणि परतल्यावर तीन महिने होईपर्यंत सहल संपली असे समजू नये.

या धबधब्याचे आणि नाशिकचे नाते जुने आहे. स्थानिक लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या म्हणतात, म्हणजे गर्जणारा धूर. व्हिक्टोरिया राणीचे नाव त्याला डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी दिले. ते तेथे १८५५ च्या नोव्हेंबरात पोहोचले. हे लिव्हिंग्स्टन पेशाने डॉक्टर होते. आपण रोज ज्या शरणपूर रोडवरून जातो, त्या शरणपुरात मिशनऱ्यांचा एक आश्रम होता. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकत असत. १८६५ साली लिव्हिंग्स्टन शेवटच्या मोहिमेच्या तयारीसाठी इकडे आले, तेव्हा या आश्रमातले नऊ तरुण त्यांच्याबरोबर जायला तयार झाले. इतिहासात त्यांना ‘नाशिक बॉइज’ म्हणतात. पुढे त्याच आश्रमात शिकलेला जेकब वेनराइट मागाहून त्यांना जाऊन मिळाला.

आता डॉक्टर म्हणून मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगतो. लिव्हिंग्स्टन यांची पत्नी मेरी १८६२ साली झांबेझीच्याच काठी हिवतापाने गेली. त्यामुळे क्विनीनची किंमत त्यांना कोणी सांगायला नको होती. औषधांची पेटी ते एका अतिशय सावध मुलाकडे देत. १८६७ च्या जानेवारीत त्या मुलाने वाटेत दुसऱ्याशी ओझ्याची अदलाबदल केली, आणि ओझे घेतलेला माणूस साथीदारासह जंगलात पळून गेला. भांडी गेली, पीठ गेले, बंदुका गेल्या, पण पेटी गेल्याचे दुःख त्यांना सर्वांत मोठे होते. त्यानंतरची सहा वर्षे ते वारंवार ताप आणि आतड्याच्या विकाराने खंगत गेले आणि १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात वारले. त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले ते आपल्या शरणपूरच्या वेनराइटने. पुढे चुमा, सुसी, वेनराइट आणि त्यांच्या सोबत्यांनी मीठ लावून वाळवलेला देह महिनोन्महिने खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत वाहून नेला.

डास चावल्याने हिवताप होतो हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते. तो शोध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत लावला. आपल्याला ते शाळेतच शिकवलेले असते, आणि तरीही आपण औषधांची पेटी चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाकतो. ती बॅग तीन विमाने बदलताना कधी चुकेल याचा नेम नाही. औषधे हातातल्या पिशवीतच हवीत. इन्शुलिन तर सामानाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नये, तेथे ते गोठून निकामी होऊ शकते. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, मूळ औषधाच्या नावासह, बरोबर असावी. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. डायफेनहायड्रामिन हे आपल्याकडच्या खोकल्याच्या काही साध्या औषधांत असते, पण झांबियात ते नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. धबधब्याचा एक काठ झिम्बाब्वेत, दुसरा झांबियात, आणि पुष्कळ मंडळी पुलावरून पलीकडे जातात. तेव्हा खोकल्याची बाटली बरोबर घेण्याआधी तिच्यावरचे बारीक अक्षर वाचावे.

कधी जावे? आपला धबधब्याचा हिशेब दुगारवाडी आणि सोमेश्वरवरून बेतलेला. पाऊस झाला की पाणी, आणि दिवाळीत सुट्टी. तेथे उलटे आहे. पाऊस नोव्हेंबर ते मार्च, आणि वरच्या मैदानांतून पूर येऊन धबधबा भरतो तो एप्रिलच्या सुमारास. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर झांबियाच्या बाजूला बहुतेक काळा कातळच दिसेल, वर ऊन असे की रक्तदाबाच्या माणसाने दुपारी बाहेर पडू नये. एप्रिल-मेच्या सुट्टीत १०८ मीटरवरून कोसळणारे पाणी खरे, पण तुषार इतके की छत्रीखालीही ओलेचिंब व्हाल, दगडी वाटा निसरड्या, आणि पावसामागून आलेल्या डासांचेही तेच दिवस. शाळकरी मुले नसतील तर जून ते ऑगस्ट सर्वांत बरे. पाणी पुरेसे असते, हवा थंड, डास कमी. पहाटे चांगलीच थंडी असते, दमेकऱ्यांनी स्वेटर आणि पंप विसरू नये. मात्र डास कमी म्हणजे डास नाहीत असे नव्हे. आमचे बँकेचे साहेब जुलैअखेरच गेले होते.

“आम्ही डासांतच वाढलो, आम्हाला काय होतंय” हे वाक्य मी निदान दहा जणांकडून ऐकले असेल. हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा आजारी पडून थोडीफार येते आणि गाव सोडले की काही वर्षांत ओसरते. कॉलेज रोडवर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाकडे ती असण्याचे कारण नाही. दुसरे, आपल्याकडच्या कपाटातली क्लोरोक्विन तिकडच्या हिवतापावर चालत नाही. डॉक्सिसायक्लिन, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आणि मेफ्लोक्विन यांपैकी एक गोळी डॉक्टर निवडतात. पहिली स्वस्त, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर चार आठवडे घ्यायची. गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुलांना ती देत नाहीत. घेतल्यावर ऊन लवकर बाधते, आणि भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यावी लागते, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दुसरी महाग, सगळीकडे सहज मिळत नाही, पण परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. मेफ्लोक्विन दोन-तीन आठवडे आधी सुरू करतात, आणि फिट येणाऱ्यांना किंवा मानसिक आजार असलेल्यांना ती देऊ नये. गोळी हा अर्धाच भाग. संध्याकाळपासून पूर्ण बाह्या, पायमोजे, अंगाला डास पळवणारे मलम, मच्छरदाणी हे सर्व करायचेच. गरोदर बाईने मात्र ही सहल पुढे ढकलावी, यात मी भीड धरणार नाही.

पीतज्वराबद्दल फार गोंधळ असतो. झिम्बाब्वेत पीतज्वर नाही, म्हणून लस नको, असे सहलवाले सांगून मोकळे होतात. पण विमान कोठून जाते? नैरोबी किंवा अदिस अबाबा येथे बदल असेल, आणि त्यातच केनियातली जंगल सफारी जोडलेली असेल, तर प्रश्न उभा राहतो. हे दोन्ही देश पीतज्वराचे. तेथून आलेल्या प्रवाशाजवळ लशीचे पिवळे कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. केवळ विमानतळावरच थांबलेल्यांना अधिकारी सूट देऊ शकतात, पण त्या भरवशावर राहू नये. कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत ती देतात, वार आणि वेळ आधी विचारून जावे. आता मुख्य मुद्दा. ही जिवंत जंतूंची लस आहे. साठीच्या पुढे ती प्रथमच घेताना गंभीर त्रासाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, कर्करोगाचे उपचार, दीर्घकाळ स्टेरॉइड, एचआयव्ही अशा माणसांना ती बहुधा देताच येत नाही. म्हणजे ज्येष्ठांसाठी विमानाचा मार्ग ठरवणे हेसुद्धा वैद्यकीय काम झाले. दुबई-जोहान्सबर्ग मार्गे तिकीट थोडे महाग पडेल, पण ७० वर्षांच्या आजोबांना लस टोचण्यापेक्षा ते मला पसंत आहे. तिकीट काढून झाल्यावर हा सल्ला विचारून काय उपयोग?

मधुमेहींनी वेळेचा फरक ध्यानात घ्यावा, तेथील घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते. लांबच्या विमानप्रवासात दर तासा-दीड तासाने उठून चालावे, पाणी प्यावे, पायांत गुठळी होण्याचा धोका त्याने कमी होतो. वैद्यकीय विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. आणि माकडे! अंजनेरीला, सप्तशृंगी गडावर माकडांना शेंगदाणे द्यायची आपली सवय तेथे दाखवू नका. धबधब्याच्या वाटेवर बबून असतात, हातातली पिशवी ओढतात, चावतात. चावलेच तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवावी आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करावी, घरी परतल्यावर बघू म्हणू नये.

परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर तो हिवताप समजूनच त्याच दिवशी रक्त तपासावे, गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरी. पहिली पट्टी निगेटिव्ह आली तरी पुढचे दोन दिवस पुन्हा तपासावी. आणि दवाखान्यात शिरल्यावर, डॉक्टरने विचारो न विचारो, पहिले वाक्य “मी आफ्रिकेतून आलोय” हे असावे. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

त्या दिवसापासून आमच्या टेबलावर काचेखाली एक कागद ठेवला आहे: ‘ताप? मग कोठे गेला होतात?’ बँकेचे साहेब परवा रक्तदाब दाखवायला आले, तेव्हा त्यांनी तो वाचला आणि हसले. पुढच्या वर्षी केनियाचा बेत आहे म्हणाले. बाईंनी पर्समधून कार्यक्रमाचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पैसे अजून भरलेले नाहीत.