बुडालेलं चर्च दिसतं, मग उठवलेली माणसं का दिसत नाहीत?

कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात शेट्टीहळ्ळीचं रोझरी चर्च आहे. पावसाळ्यात ते हेमावतीच्या जलाशयात अर्धंअधिक बुडतं, उन्हाळ्यात उघडं पडतं. छप्पर कधीच गेलंय, कमानी आणि भिंती तेवढ्या उरल्यात, त्याही ढासळतायत. लोक गाड्या करून येतात, लग्नाआधीचे फोटो काढतात, रील बनवतात आणि निघून जातात.

१८६० च्या दशकात फ्रेंच मिशनऱ्यांनी हे चर्च बांधलं ते काही रील बनवायला नव्हे. तिथे प्रार्थना व्हायची, लग्नं लागायची, लेकरांचे बाप्तिस्मे व्हायचे. मग गोरूरचं धरण आलं, १९७९ साली ते पूर्ण झालं. जलाशयासाठी माणसं हलवली आणि त्यांचं प्रार्थनास्थळ प्रेक्षणीय स्थळ झालं. या बदलाला 'वारसा' म्हणून टाळ्या वाजवायला आम्ही तयार नाही.

आम्ही धरणविरोधी आहोत असं कुणी समजू नये. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना, १९४२ ते १९४६ या काळात, दामोदर खोरे योजनेच्या पायाभरणीत बाबासाहेबांचाच पुढाकार होता. पाणी अडवावं, वीज करावी, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. आमचं भांडण हिशेबाचं आहे. १८९४ चा भूसंपादन कायदा २०१३ चा नवा कायदा येईपर्यंत चालला. तो मोबदला द्यायचा जमिनीचा. दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या भूमिहीनाची मजुरी बुडाली, तर तिचा रकाना त्यात नव्हता. आणि या देशात जमीन कुणाच्या नावावर नाही, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

आपल्याकडेही हेच चालतं. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं, आणि वर्तमानपत्रं त्याच्या कोरीवकामाचं कौतुक छापतात. (दुष्काळ पडल्याची बातमी आतल्या पानावर!) धरणांखाली गेलेल्या महारवाड्या-मांगवाड्यांचे फोटो मात्र कुणी छापूच शकत नाही, कारण कुडामातीची घरं पाण्यात उरत नाहीत. जे दगडाचं होतं तेवढाच वारसा ठरला.

शेट्टीहळ्ळीचं चर्च जरूर जपावं. पण तिथे जाणाऱ्या आमच्या तरुणांनी मोबाइल थोडा वेळ पाण्याकडून वळवून हलवलेल्या वस्त्यांकडे न्यावा. मोबदला कुणाला मिळाला, कुणाला नाही, मजूर कुठे गेले, हे विचारून नाव-गावासह नोंदवून घ्यावं. उजनीकाठीही तेच करावं. ज्यांनी ते घर सोडलं, ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.