परदेशांतील सण आणि घरची वडील मंडळी

परदेशीं स्थायिक झालेलीं मुलें गणेशचतुर्थी किंवा महाशिवरात्र तिथीस न करितां पुढच्या रविवारीं करितात, हें ऐकून घरोघरच्या वडील मंडळींस वाईट वाटतें. 'सवडीनें केलेला सण तो कसला सण?' असा प्रश्न आम्ही अनेक घरांत ऐकला आहे. प्रश्न अगदींच गैर नव्हे; परंतु निकाल देण्यापूर्वीं थोडें दूरवर पाहणें इष्ट होईल.

आयर्लंडांतून अमेरिकेंत गेलेल्या लोकांचे वंशज १७ मार्च रोजीं संत पॅट्रिकचा दिवस पाळितात. न्यूयॉर्क शहरांतील त्यांची मिरवणूक १७६२ सालापासूनची समजतात. खुद्द आयर्लंडांत मात्र त्या दिवसाची सार्वजनिक सुटी १९०३ मध्यें सुरू झाली. मायभूमि दुरावली म्हणजे सण मोठा होतो, तो असा.

आपल्या लोकांचें उदाहरण मॉरिशसचें. १८३४ सालापासून त्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर जाऊं लागले. त्यांत कोंकणांतील मराठी कुटुंबेंही होतीं. आज त्यांच्या वंशजांच्या घरांत बहुधा क्रिओल बोलतात आणि मराठी शाळेंत शिकावी लागते. तरीही गणेशचतुर्थीची तेथें सरकारी सुटी असते, आणि कोंकणांतून गेलेली जाखडी तेथें अजून नाचली जाते.

आणि तिथीचें म्हणाल, तर हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाची कथा वाचकांस ठाऊकच आहे. देवापुढें कीर्तन करणाऱ्या नामदेवांस पुजाऱ्यांनीं तेथून उठविलें. ते देवळामागें जाऊन गाऊं लागले, तों देऊळच त्यांच्याकडे फिरलें, असें सांगतात. नंदी पाठीमागें आहे, तो याची खूण म्हणून दाखवितात. पुढें याच नामदेवांचीं पदें पंजाबांत शिखांच्या गुरुग्रंथसाहिबांत समाविष्ट झालीं. भक्त उभा तिकडे देव वळला, ही गोष्ट आपण कौतुकानें सांगतों. मग दूर उभ्या असलेल्या आपल्याच नातवंडांसाठीं एक रविवार आपण कां सोसूं नये?

तिथि हलल्यानें फारसें बिघडत नाहीं. अर्थ हरवल्यानें बिघडतें. मॉरिशसच्या मराठी घरांनीं सण राखला, परंतु घरांतली भाषा बहुतेकांस राखतां आली नाहीं. मळ्यांतल्या त्या मजुरांच्या मुलांस गांवाकडच्या आजीचा आवाज ऐकण्याची सोय नव्हती. आपल्या नातवंडांस ती आहे. तेव्हां सणाच्या आदल्या सायंकाळीं आजीनें दूरध्वनीवरून त्या दिवसाची गोष्ट मराठींत सांगावी, आरतीच्या एखाद्या कडव्याचा अर्थ उलगडून द्यावा, आणि नातवानें इंग्रजींत विचारलें तरी उत्तर मराठींतच द्यावें. तिथि कां चुकविली म्हणून रागें भरण्यांत जेवढा वेळ जातो, तेवढा या कामास पुरेसा आहे.