बांबू की बांबूचा भास?

अमेरिकेत हौशी लोक मोटरबोटीला बांबूसारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकने सजवतात. ही ‘टिकी’ शैली १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या ‘डॉन द बीचकोंबर’ मद्यगृहापासून रुजली. प्लॅस्टिक पाण्याने कुजत नाही, हे खरे. पण केरळच्या केट्टुवळ्ळम नौकांवर आजही बांबूच्या तट्ट्यांचे छप्पर असते. खराब झाली की तट्टी बदलायची!

तट्टी हा शब्द मराठी-कानडीत एकच. वेळूला कानडीत बिदिरु, तेलुगूत वेदुरु म्हणतात. आमच्या नार्नूरकडे कोलाम मंडळी त्याच्याच टोपल्या विणतात. वाचकहो, आपल्याकडे बोट नाही. पण घर सजवताना आपणही भासालाच पैसे मोजतो आणि विणणारा हात रिकामा राहतो, याची मला खंत वाटते. यंदा आकाशकंदील तरी बांबूच्या खऱ्या कामट्यांचा घेऊ या.