हौसेच्या सुताराचा भाव

‘‘इतकं सुरेख करता, मग विकत का नाही?’’ घरी आलेला प्रत्येक पाहुणा असे म्हणू लागला की हौशी सुताराचे डोके फिरायला वेळ लागत नाही. माझेही फिरले. रविवारी गॅलरीत रंधा मारणाऱ्या मी २०१४ साली बँकेचा राजीनामा दिला आणि फर्निचर करू लागलो. त्याचा पस्तावा नाही. पस्तावा आहे तो सुरुवातीला लावलेल्या भावाचा.

पहिले लिहायचे मेज शेजाऱ्यांना ९,००० रुपयांना दिले. साग, कड्या, पॉलिश मिळून ७,००० गेले होते. साग घनफुटावर घ्यावा लागतो. त्यातला भुसा आणि गाठींची फेक गिऱ्हाईकाला दिसत नाही, पैसे मात्र त्याचेही मोजलेले असतात. तास मी धरलेच नव्हते. हौसेला कसले तास? नंतर आठवून मांडले, तर ७० भरले. म्हणजे तासाला २९ रुपयेसुद्धा नाहीत!

शिवाय मेज केले एप्रिलात. जुलैत त्याचा खण बसला तो हलेना. दमट हवेत लाकूड रेषांना आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून खणाच्या वर फट सोडायची असते. हे मी वाचलेले होते बरे का! दोन खेपा घालून खण फुकट तासून दिला.

इथवर नुकसान माझे होते. पण आमच्या पेठेत एक सुतारमामा आहेत. पटाशीला धार लावायला मी त्यांच्याकडेच शिकलो. त्यांना एका गिऱ्हाइकाने सुनावले, ‘‘तो बँकवाला नऊ हजारांत सागवानी मेज देतो, तुम्ही सोळा कसे सांगता?’’ मामांनी हे मला पटाशी घासता घासता, मान वर न करता सांगितले. माझ्या स्वस्ताईची भरपाई पत्नीच्या पगारातून होत होती. मामांची कोण करणार?

म्हणून नोकरी सोडू पाहणाऱ्यांना मी एवढेच सांगतो: आधी सहा महिने वहीत तास लिहा. लाकूड आणायला जाण्याचे, धार लावण्याचे, खण तासण्याचेही. मग भाव काढा आणि तो पेठेतल्या सुताराच्या खाली उतरवू नका.

मी भाव वाढवले तेव्हा निम्मी गिऱ्हाइके गेली. शेजारी मात्र परवा दुसरे मेज सांगायला आले. आकडा ऐकून म्हणाले, ‘‘घरी विचारून सांगतो.’’ अजून सांगितलेले नाही.