बॉयलरचे पाणी सोडणे ही नासाडी नव्हे

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या सायझिंगवाल्या बांधवांना एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. बॉयलरचे तापलेले पाणी गटारात जाताना दिसले की शेठ फायरमनवर ओरडतो, "जळण फुकट घालवतोस!" बिचारा मग व्हॉल्व्हला हातच लावीत नाही. ही बचत फार महाग पडते.

वाफ निघून जाते, पाण्यातले क्षार मात्र आतच साचत जातात. वर फेस धरतो, खाली गाळ बसतो. फेस आला की वाफेबरोबर पाणीही उडते. अशा ओल्या वाफेने ताणा नीट वाळत नाही, मागावर तुटतो, आणि शिव्या खातो सूतवाला! (आम्ही व्यापारी त्या ऐकतच आलो आहोत.) गाळ तर त्याहून वाईट. तापल्या पत्र्यावर तो बसला की पाणी पत्र्याला थंड ठेवू शकत नाही. पत्रा फुगतो, नळी फुटते, आणि समोर उभा असतो तोच फायरमन.

काही जण म्हणतात, आम्ही औषध टाकतो. औषध क्षारांचा मऊ गाळ करते. तो बाहेर काढायचे काम व्हॉल्व्हचेच. सॉफ्टनरही पाण्याचा जडपणा घालवतो, एकूण क्षार कमी करीत नाही. म्हणून दर पाळीला, वाफेची मागणी कमी असताना, काचेतल्या पातळीवर नजर ठेवून खालचा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडावा. फेस खालून जात नाही, त्याला पाण्याच्या पातळीजवळचा वरचा कॉक लागतो. पाणी सोडल्याची वेळ फायरमनला वहीत लिहायला लावा, आणि त्या वेळी त्याला टोकू नका.