उसाच्या पात्याने गेलेला डोळा कोणाच्या हिशेबात?

फडात पाते डोळ्याला लागले तर मुकादम म्हणतो, "चोळ जरा, जाईल." दोन दिवसांत डोळा लाल होतो, पाणी गळते, उजेड सोसत नाही. लोक म्हणतात, डोळे आलेत. मग अंगावरचे दूध, मध, नाहीतर औषध दुकानातून विचारून आणलेले थेंब. बुबुळावर पांढरे दिसू लागले की म्हणतात, फूल पडले, नशीब! आमचा आक्षेप या शब्दांनाच आहे. हे डोळे येणे नव्हे आणि नशीब तर नव्हेच. ही कामावर झालेली इजा आहे.

पाते किंवा पाचट घासून बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा पडतो आणि तिथून जिवाणू नाहीतर बुरशी आत शिरते. बुरशी असताना स्टिरॉइडचे थेंब घातले तर लाली उतरल्यासारखी वाटते, पण आत बुरशी फोफावते. तिच्यावर नॅटामायसिनसारखे औषध सुरुवातीला तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागते. ज्या कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, उचल घेतली आहे आणि ज्यांचे खाडा झाला की पैसे कापले जातात, त्यांनी तासातासाला थेंब कधी घालायचे?

2015 ते 2019 च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचे सर्वात मोठे कारण बुबुळाचे फूल निघाले, 37.5 टक्के. शिबिरे मात्र मोतीबिंदूची होतात, फोटोही त्यांचेच छापून येतात. शिवाय ही मोजणी चांगल्या डोळ्यावरून होते. म्हणजे एकच डोळा गेलेला तोडकरी तिच्यात अंध ठरतच नाही.

कराड, वाळवा, पलूसच्या फडांत बीडचे लोक असतात, तसे आपल्याच माण, जत, आटपाडीचेही असतात. बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी, गरीब मराठा, सगळेच. त्यांना विमा कुठला? बाबासाहेब मजूरमंत्री असताना ज्या कामगार विमा योजनेची पायाभरणी झाली, तिचा 1948 चा कायदा झाला तेव्हा हंगामी कारखाने त्यातून वगळले गेले, आणि साखर त्या यादीत होती. तोडकरी तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो. मुकादम मध्ये असल्यामुळे कारखाना हात झटकतो. पण 1923 च्या भरपाई कायद्यातच कंत्राटदाराच्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारे कलम 12 होते आणि एका डोळ्याची दृष्टी गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे धरले होते. आपल्यातल्या वकील मित्रांनी असे किती दावे लढवले? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

नेपाळमधल्या भक्तपूरला गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून ओरखडा पडलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस लावले गेले. 442 पैकी 424 जणांचा डोळा संसर्ग न होता बरा झाला. इजेनंतर 18 तासांच्या आत मलम मिळालेल्या एकालाही व्रण झाला नाही. नेत्रदानाचे फलक लावायला आमची ना नाही, पण बुबुळ बदलायची वेळ येण्याआधीचे हे काम त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

मलमाआधी डोळा धुवायला स्वच्छ पाणी लागते. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला लहान भीमराव भावंडांसह मसूरला उतरला आणि सोबत जेवण असूनही पाण्यावाचून सगळ्यांनी रात्र उपाशी काढली. त्या मसूरभोवती आज ऊसच ऊस आहे. तोडकऱ्यांच्या कोप्यांवर टँकर कधी येतो, हे आपल्यापैकी कोणी जाऊन पाहिले आहे का?

6 डिसेंबर ऐन गळीत हंगामात येतो. 'एक वही, एक पेन' आपण गोळा करतोच. यंदा प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतल्या कोप्या मोजाव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून आशाताईंकडे मलम आहे का ते विचारावे, आणि पात्याने दुखावलेल्या प्रत्येक डोळ्याची नोंद करावी: तारीख, मुकादम, कारखाना. ही वही घेऊनच आपण साखर सहसंचालकांच्या दारात जाऊ.

जय भीम.