संशोधनसंस्थेचा उंबरठा

राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून दरवर्षी २८ फेब्रुवारीस साजरा होतो. एरवी पहारेकऱ्याच्या चौकीपलीकडे असणाऱ्या जीवशास्त्राच्या संशोधनसंस्था त्या सुमारास आपली दारे काही तासांपुरती उघडतात. शाळकरी मुलांच्या रांगा लागतात, सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखविल्या जातात, सायंकाळी एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाचे जाहीर व्याख्यान होते. पुण्यामुंबईपासून हैदराबाद-बंगळूरपर्यंत ही प्रथा आता रुळली आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि उत्सव आटोपल्यावर एक प्रश्न उरतो. हे दार उघडणे ही संस्थेने जनतेवर केलेली मेहेरबानी आहे, की जनतेचे संस्थेकडे असलेले जुने येणे आहे?

हिशेब साधा आहे. २०२०-२१ साली आपल्या देशाने संशोधनावर केलेला खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. हा वाटा लाजिरवाणा आहेच. परंतु त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम सार्वजनिक तिजोरीतून येते, हेही तितकेच खरे. ही तिजोरी केवळ प्राप्तिकर भरणाऱ्यांनी भरलेली नाही. साबणाच्या वडीवर आणि पायांतल्या चपलेवर कर देणारी शेतमजूर स्त्रीही तिच्यात भर घालते. प्रयोगशाळेतील काचेच्या प्रत्येक नळीत तिचा पैसा आहे. शिवाय ज्ञान ही अशी चीज आहे की ती एकाने घेतली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही. भाकरी वाटताना तुकडे करावे लागतात, ज्ञान वाटताना करावे लागत नाहीत. असे असूनही ते मूठभरांपाशीच राहत असेल, तर त्याचे कारण टंचाई हे नसून व्यवस्था हे आहे.

या येण्याचे स्वरूप काय, हे समजून घेण्यासाठी परळचा इतिहास पुरेसा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. सरकारच्या सांगण्यावरून वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत लशीचे काम सुरू केले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. ते स्वेच्छेने पुढे आले असे सांगितले जाते. मात्र तुरुंगाच्या भिंतीआड स्वेच्छा कितपत मोकळी असते, हे आजच्या वाचकाने विचारलेच पाहिजे. पुढे आगाखानांनी आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली आणि लोकांच्या मनातील भीती ओसरू लागली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात ही प्रयोगशाळा हलली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. गव्हर्नराच्या वाड्यात रोगजंतूंचा अभ्यास सुरू झाला आणि तोही गिरणगावाच्या मध्यावर, ही घटना केवळ योगायोगाची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

त्याच १८९७ साली पुण्यात दुसरा मार्ग अवलंबिला गेला. रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत घुसले, देवघरे आणि माजघरे तुडविली गेली, रोग्यांना आप्तांपासून तोडून नेण्यात आले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. रोग एकच होता आणि राज्यही एकच होते. फरक होता तो विश्वास मिळविण्याचा यत्न आणि हुकूम सोडण्याचा दर्प यांत. साथ आटोक्यात आणण्याचे शास्त्र कितीही अचूक असो, ते माणसाला न विचारता त्याच्या घरात शिरले की त्याला शत्रूचेच रूप येते.

तिसरा धडा अधिक कडू आहे. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता, हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. परंतु त्या पाच वर्षांत लशीवरील विश्वासाला जो तडा गेला तो कोणत्या दोषमुक्तीने सांधणार? चूक कोठे झाली हे तत्काळ आणि उघडपणे सांगण्याची सवय नसेल, तर शास्त्रज्ञही बळी जातो आणि रोगीही.

हे सारे जुने झाले असे कोणास वाटत असेल, तर त्याने सर्पदंशाकडे पाहावे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सापाच्या विषाने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील, शेतात राबणारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर प्रतिविष उपलब्ध आहे; ते तयार करण्याची दीर्घ परंपरा हाफकिनच्या नावाशीही जोडलेली आहे. औषध असूनही माणूस मरतो, कारण पहिला तास मांत्रिकाच्या ओट्यावर जातो आणि दुसरा वाहन शोधण्यात. मांत्रिकाला नावे ठेवणे सोपे आहे. पण तो गावात राहतो, गावाच्या भाषेत बोलतो, अर्ध्या रात्री दार उघडतो. यांतील कोणती गोष्ट आपल्या संशोधनसंस्था करतात?

आणि येथे आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रतिविष बनविण्यासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणावर येते ते तमिळनाडूतून, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. साप ओळखण्याची, त्याचा माग काढण्याची आणि त्याला इजा न करता पकडण्याची विद्या या लोकांनी कोणत्याही विद्यापीठात घेतलेली नाही. दुसरीकडे, एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि एका भागातील विषापासून केलेले औषध दुसऱ्या भागात उणे पडू शकते, हे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे. याचा अर्थ असा की विदर्भातील कोणत्या शिवारात कोणता साप दिसतो, चावल्यानंतर काय लक्षणे होतात, औषधाचा गुण किती वेळाने येतो, ही माहिती शेतकऱ्याकडून आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडून प्रयोगशाळेत गेली पाहिजे. ज्ञानाची वाट दुहेरी असते. जी संस्था केवळ सांगते आणि ऐकत नाही, तिचे शास्त्रही अपुरे राहते.

ऐकून घेण्याची प्रथा या देशाला सर्वस्वी अपरिचित नाही. बीटी वांग्याच्या प्रश्नावर २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांत आपले नागपूरही होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाणे कंपन्या आणि ग्राहक एकाच सभागृहात आले. गोंगाट झाला, कडाक्याचे वाद झाले, आणि ९ फेब्रुवारीस त्या वांग्याच्या लागवडीला स्थगिती मिळाली. तो निर्णय योग्य की अयोग्य याविषयी मतभेद असू शकतात. मात्र असा संवाद मंत्र्याच्या एखाद्या इच्छेवर अवलंबून न राहता संशोधनसंस्थांच्या नित्यक्रमाचा भाग असता, तर त्या सभागृहांतील संताप निम्मा आणि विचार दुप्पट झाला असता, याविषयी दुमत होऊ नये.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की शास्त्रज्ञाचे काम संशोधन. व्याख्याने देत फिरणे हा त्याच्या वेळेचा अपव्यय होय. परंतु ज्या समाजाला संशोधन कशासाठी चालते हेच ठाऊक नाही, तो समाज अंदाजपत्रकात त्यावर कात्री चालली असता ब्रही काढणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शास्त्रीय सत्य हात वर करून ठरवावयाचे काय? मुळीच नाही. विषाची रचना मतदानाने बदलत नाही. तथापि कोणत्या रोगावर आधी संशोधन व्हावे, त्यातून निघालेले औषध कोणत्या किमतीस विकले जावे आणि त्याचा धोका कोणी पत्करावा, हे प्रश्न शास्त्राचे नसून समाजाचे आहेत. ते बंद दाराआड सुटू नयेत.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक जीवशास्त्र संस्थेची जाहीर व्याख्याने तेथील लोकभाषेत झाली पाहिजेत; इंग्रजीतील व्याख्यानाला जाहीर म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. ती संस्थेच्या वातानुकूलित सभागृहाइतकीच बाजाराच्या गावी, कामगार वस्तीत आणि ग्रंथालयाच्या ओसरीवर झाली पाहिजेत. बोलण्याइतकाच वेळ प्रश्नांना मिळाला पाहिजे. फसलेल्या प्रयोगांचीही कथा सांगितली गेली पाहिजे. आणि हे काम करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाच्या बढतीच्या वेळी ते जमेस धरले गेले पाहिजे; नाहीतर ते हौसेचे काम राहील आणि हौस फार काळ टिकत नाही.

ही मागणी करण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांच्यावर काही जबाबदारीही येते. मराठी विज्ञान परिषदेने १९६६ पासून आणि लोकविज्ञान चळवळीने १९८० पासून महाराष्ट्रात ही वाट चोखाळली आहे. पण त्यांच्या सभांना राजकीय कार्यकर्ता क्वचितच दिसतो. मोर्चा आणि निवेदन यांची सवय असलेल्या कार्यकर्त्याने आपल्या तालुक्याजवळच्या संस्थेस एक साधे पत्र लिहावे: पावसाळ्यापूर्वी आमच्या गावी या, सर्पदंशाविषयी बोला, आणि आमचेही ऐका. नकार आला तर तो चव्हाट्यावर मांडावा. होकार आला तर सतरंजी अंथरावी, माणसे जमवावी, आणि शेतमजूर स्त्रियांना मागच्या रांगेत न बसविता पुढे बसवावे. पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा.